दुपारी कोंबडी काय करते

आमच्या गावात दिवाळी अंक काढणारी तरुण मंडळी आहेत. यंदा उन्हाळा संपायच्या आतच ती माझ्या दारात आली. म्हणाली, "डॉक्टर, ह्या उन्हात परसातल्या कोंबड्या कशा वाचवायच्या, त्यावर तुमचे अनुभव लिहा." मी आतून फुलून गेलो. वरून मात्र "बघू, वेळ मिळाला तर" असं म्हणालो. निवृत्त माणसाकडं वेळाशिवाय दुसरं काय असतं? पण लगेच हो म्हटलं की आपली किंमत राहत नाही, एवढं नोकरीत शिकलो होतो.

आधी एक खुलासा करतो. मी डॉक्टर नव्हे. पशुधन पर्यवेक्षक. म्हणजे दवाखान्यात डॉक्टरांच्या खालचा, गोठ्यापर्यंत मोटरसायकल हाकणारा माणूस. पलूस आणि कडेगाव या दोन तालुक्यांतल्या दवाखान्यांत माझी सगळी नोकरी गेली. लोक डॉक्टर म्हणायचे, मी कधी दुरुस्त केलं नाही.

दुसरा खुलासा जड आहे. हा लेख जेवढा माझा आहे तेवढाच जैनबभाभीचा आहे. जैनबभाभी म्हणजे आमच्या गावची बांगड्या भरणारी. माझ्या घरापासून दोन घरं सोडून राहते. तिच्याबद्दल मला जे वाटत आलं त्याला पुस्तकात मत्सर म्हणतात. आमच्याकडं सरळ म्हणतात, हा तिच्यावर जळतोय. तर मी जळायचो. चांगली वीस वर्षं जळलो.

आमच्या धंद्यात म्हैस पहिली, गाय दुसरी, शेळी तिसरी. कोंबडी शेवटी, तीसुद्धा मेल्यावर. प्लास्टिकच्या पिशवीत मेलेली कोंबडी घेऊन बाई दवाखान्यात यायची आणि विचारायची, "बगा की, कशानं मेली?" जित्या कोंबडीसाठी मला कुणी बोलावलं, असं बोटावर मोजण्याइतक्या वेळा झालं असेल. पण मला कोंबडी कळायची. मानमोडी, म्हणजे कोंबड्यांची साथ, आली की गावच्या गाव साफ होतं. मी बर्फाच्या थर्मासात लस घेऊन पहाटेच दारोदार जायचो, कारण कोंबड्या रात्री झाकलेल्या डालग्याखाली असतात तोवरच हाताला लागतात. एका डोळ्यात एक थेंब. हात बसलेला होता माझा.

उन्हाचं शास्त्रही मला तोंडपाठ होतं. कोंबडीला घाम येत नाही. तिचं अंग मुळातच तापलेलं, वर पिसांची वाकळ. उष्णता बाहेर टाकायची तर चोच उघडून धापा टाकायच्या, पंख अंगापासून सुटे धरायचे, तुरा आणि पाय गार ठेवायचे, एवढंच तिच्या हातात. खाल्लेलं पचवतानाही अंग तापतं. म्हणून ऐन दुपारी दाणा घालू नये. हवा कोंडली की संपलंच. हे सगळं मी बायकांना सांगायचो, तक्ते लावून सांगायचो. बायका माना डोलवायच्या आणि घरी जाऊन जैनबभाभीला विचारायच्या.

हे मला कळलं एका सुभेदारामुळं. कडेगावच्या बाजूला एक निवृत्त सुभेदार होते. त्यांनी एक कोंबडा पाळला होता आणि त्याचं नाव ठेवलं होतं कर्नल. एप्रिलातल्या एका दुपारी त्यांचा फोन आला, "सर, पेशंट कोलॅप्स हो गया!" मला वाटलं, घरातलं कुणी पडलं. ऊन उतरल्यावर गेलो तर दारात सुभेदार सावधान उभे आणि पायाशी कर्नल आडवे. झालं होतं असं, की कोंबडा धापा टाकतोय हे पाहून त्यांनी फ्रिजमधली बाटली काढून त्याच्या डोक्यावर उपडी केली. तापलेल्या जिवाला तो धक्का सोसला नाही. आत चौकटीत उभ्या त्यांच्या मंडळींनी कपाळावर हात मारला.

"जैनबभाभी परवाच सांगून गेली हुती," त्या म्हणाल्या. "वरनं पानी वतू नगा म्हनली. पायाखालची माती भिजवा, तिथं उभी ऱ्हाऊ द्या. ह्यांनी ऐकलं तर शप्पथ!"

"कोण जैनबभाभी?" मी विचारलं. मला ठाऊक होतं कोण ते. पण आमच्या गल्लीतली बांगड्यावाली एसटीनं इथवर येते आणि माझ्याआधी सल्ला देऊन जाते, हे मला तोंडात मारल्यासारखं झालं.

"अवं, बांगड्यावाली. तुमच्याच गावची न्हवं का? कोंबड्यांचं लय कळतंय तिला."

लय कळतंय तिला. हे तीन शब्द मी पुढं किती दारांत ऐकले! कुणाच्या पत्र्याच्या खुराड्यावर उसाचं पाचट अंथरलेलं दिसायचं. मी म्हणायचो, वा, छान केलंत, आम्ही मेळाव्यात सांगितलं होतं ना? बाई म्हणायची, "जैनबभाभीनं सांगितलं." कुठं भिंतीच्या सावलीत मातीच्या चार पसरट कुंड्या मांडलेल्या, अंतरा-अंतरानं, म्हणजे दुबळ्या कोंबडीलाही पाणी मिळावं. कुणी सांगितलं? जैनबभाभीनं. मी इलेक्ट्रोलाइटची पाकिटं द्यायचो, ती फळीवर पडून असायची आणि कोंबड्या गूळमिठाचं पाणी पीत असायच्या. माझ्या पोटात दुखायचं. लोकांच्या कोंबड्या वाचतायत म्हणून माणसाच्या पोटात दुखावं, तेही ज्याला त्यासाठीच सरकारनं नेमलंय त्याच्या! पण दुखायचं, हे खरं.

एकदा मी तिला उघडं पाडायचं ठरवलं. समाजमंदिरात बचत गटांच्या बायकांचा मेळावा होता. मी बोललो, तक्ता दाखवला. प्रश्न विचारा म्हटल्यावर बायका मागं वळून तिच्याकडंच बघायला लागल्या. ती भिंतीला टेकून बसली होती, डोक्यावर पदर, मांडीवर बांगड्यांची पिशवी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"भाभी," मी माईकवरून म्हणालो, "तुम्हाला एवढं कळतं, तर सांगा बघू, कोंबडीच्या अंगाचं तापमान किती असतं?"

ती उभी राहिली. "मोजलं न्हाई कवा, डॉक्टर," ती म्हणाली. "बगलेत धरली की कळतंय. माज्या हातापरास लय गरम लागली, की मी काम सोडते."

हॉलभर हसू उठलं, टाळ्या पडल्या. टाळ्या तिला होत्या. मी माईक जवळ ओढला आणि म्हणालो, "अडाण्यांच्या नादाला लागून कोंबड्या मारून घेऊ नका." ती खाली बसली. मांडीवरच्या पिशवीची गाठ बांधत राहिली. घरी आल्यावर माझी बायको सुमन मात्र बोलली, "तुमाला लाज कशी न्हाई वाटली?" आणि तिनं मला ताट वाढून ते जरा जोरातच आपटलं.

सुमनचं माहेर वाईकडचं. तिच्या आईकडं कोंबड्यांची एक जात होती. जात म्हणजे कागदावरची नव्हे. राखी पिसांवर पांढरे ठिपके आणि डोक्यावर इवलीशी शेंडी, असा एक वाण तिच्या आईनं वर्षानुवर्षं जपला होता. लग्नानंतर पहिल्या माहेरपणाहून येताना सुमननं पाटीतून तीन तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, आणि एक कोंबडा आणला. तेव्हापासून आमच्या अंगणात तोच वाण. आई गेली, माहेरचं परस बुजलं, भावांनी कोंबड्या ठेवल्या नाहीत. राहिल्या त्या आमच्याच अंगणात. कोंबडी अंड्यांवर बसली, पिलं निघाली, की सुमन एक पिलू तळहातावर घेऊन त्याच्या डोक्यावर शेंडीचा फुगा आहे का बघायची. असला की म्हणायची, "आई आली." मी हसायचो.

मी निवृत्त झालो. गेल्या वर्षीचा उन्हाळा आठवतो ना? रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. मे महिन्यात वाईला सुमनच्या भाचीचं लग्न होतं. सकाळी जाऊन संध्याकाळी परतायचं. कोंबड्या चौदा होत्या, कोंबडा धरून. मोकळ्या सोडून जावं तर मुंगसाची भीती.

सुमन म्हणाली, "आवं, जैनबभाभीच्या अंगणात सोडून जाऊ या. तिच्या चिंचंखाली लय गारवा असतोय. ती दिवसभर घरीच हाय आज."

मी पायात चप्पल घालत होतो. तसाच थांबलो. ज्यानं आख्ख्या तालुक्याला कोंबड्या सांभाळायला शिकवलं, त्याच्या कोंबड्या सांभाळायला जैनबभाभी? दुपारपर्यंत गल्लीभर झालं असतं.

"काही गरज नाही," मी म्हणालो. "माझ्या अंगणात मी बघून घेतो."

आणि मी काय केलं ते ऐका. खुराड्याला तीन बाजूंनी जाळी होती. मी पोती भिजवून चारी बाजूंनी सोडली. वारा लागून वाळू नयेत म्हणून बाहेरून ताडपत्री ओढून बांधली, घट्ट. दिवसभर कुणी घरी नाही, उपाशी राहायला नकोत, म्हणून दोन पराती मका घातला. पाण्याचं भांडं भरून ठेवलं, एकच. दारावर कडी घातली. जाताना सुमननं मागं वळून पाहिलं. "हवा जाईल का आत?" तिनं विचारलं.

"पोती ओली आहेत. आतून गार राहणार," मी म्हणालो. "हे माझं काम आहे."

वाचणाऱ्यांत ज्याला थोडं कळतं त्याला एव्हाना कळलं असेल. ओलं पोतं गार करतं ते वाऱ्यानं. वारा कोंडला, की ओल्या पोत्यांच्या आत वाफ धरते. वाफेत कोंबडीनं कितीही धापा टाकल्या तरी अंगातली उष्णता बाहेर जात नाही. त्यात पोटात मका. त्यात वर पत्रा. मी खुराड्याचं मोदकपात्र केलं होतं. आणि हे सगळं मीच तक्त्यावर दाखवायचो, हवा कोंडू नका, दुपारी दाणा नको. मग मी असं का केलं? घाई होती म्हणून नव्हे. भाभीचं नाव ऐकलं आणि माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही, म्हणून.

दिवेलागणीच्या आधी परतलो. सुमननं पिशव्या ओसरीवर टाकल्या आणि सरळ खुराड्याकडं गेली. ताडपत्रीची गाठ तिला सुटेना, मीच सोडली. आतून जो भपकारा आला तो मी विसरणार नाही. चौदाच्या चौदा. सगळ्या दाराच्या फटीशी एकमेकींवर पडलेल्या, पंख पसरलेले, चोची उघड्या. पाण्याचं भांडं त्या गर्दीत उलटलेलं. मी एकीच्या गळ्याची पिशवी चाचपून पाहिली. मक्यानं टम्म भरलेली होती.

सुमन रडली नाही. लग्नातल्या नव्या लुगड्यानिशी खाली बसली आणि एकेक कोंबडी बाहेर काढून ओळीनं ठेवायला लागली. मी पुढं झालो तर म्हणाली, "तुमी हात लावू नगा." मी लावला नाही.

पुढचे पंधरा दिवस तिनं माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. मी म्हणालो, बाजारातून सुधारित जातीची पिलं आणू. ती म्हणाली, "नकोत." म्हणालो, वाईकडं कुणाकडं तो वाण असेल तर शोधू. ती म्हणाली, "कुनाकडं न्हाई." आमचं अंगण इतकं स्वच्छ कधी नव्हतं. त्या स्वच्छ अंगणाकडं बघवत नव्हतं.

मग एका दुपारी गच्चीवर वाळत घातलेली डाळ गोळा करायला गेलो. तिथून जैनबभाभीची चिंच दिसते. चिंचेखाली एक तलंग माती उकरत होती. राखी. ठिपक्यांची. डोक्यावर शेंडी.

माझ्या मनात पहिला विचार काय आला, तो लिहायची लाज वाटते, पण लिहितो. वाटलं, बाईनं चोरली! आमच्याकडची पिलं हिनं कधीतरी उचलली! आणि खरं सांगतो, मला आनंद झाला. वीस वर्षांनी ती सापडली होती. डाळ तशीच टाकून मी अनवाणी तिच्या अंगणात गेलो. घड्याळात अडीच वाजले होते.

ती कुणा सुनेला बांगड्या भरत बसली होती. "या डॉक्टर," ती म्हणाली. "एवढ्या उनाचं?"

"ती शेंडीवाली कुणाची?" मी विचारलं.

"तुमचीच की." ती बांगडीवरची नजर न काढता म्हणाली. "सुमनवैनीनं अकरा अंडी दिलती थंडी सरताना. माजी कोंबडी खुडूक बसली हुती. अर्धेलीनं घातली. नऊ निगाली. तुमास्नी ठाव न्हाई?"

अर्धेल म्हणजे अंडी उबवणारी खुडूक कोंबडी एकीची, अंडी दुसरीची, पिलं निम्मी-निम्मी. गावातल्या बायकांचा जुना व्यवहार आहे. सुमननं तो माझ्या चोरून केला होता. माझ्या घरात जैनबभाभीचं नाव काढायची सोय नव्हती म्हणून.

"मग नऊ निघाली हे इतके दिवस सांगितलं का नाही तिला? ती रोज झुरतेय."

"त्यास्नी ठाव हाय," भाभी म्हणाली. "रोज दुपारी येत्यात बगायला. पर घरी न्यायला भेत्यात." सुनेच्या हातात पुढची बांगडी सरकवत म्हणाली, "तुमाला न्हवं. त्या खुराड्याला भेत्यात."

मी तिथंच चिंचेखाली बसलो. पाय भाजले होते. आणि तेव्हा पहिल्यांदा मी दुपारची कोंबडी पाहिली. हे तुम्हाला विचित्र वाटेल, पण सगळ्या नोकरीत मी कोंबडी पाहिली ती पहाटे, लस घालायला, आणि ऊन उतरल्यावर, मेलेली. दुपारी मी दवाखान्यात पंख्याखाली रजिस्टर भरत असायचो. ही बाई मात्र भरदुपारी, घरची कामं उरकून बायका मोकळ्या झाल्या की, त्यांच्या परसात बांगड्या भरत बसायची. तासन्‌तास. हात बांगड्यांत आणि डोळे अंगणात. कोणती कोंबडी कोणत्या कोपऱ्यात जाते, कुठली माती उकरून ओल गाठते, पाणी कोमट झालं की कशी चोच बुडवून परत फिरते, हे तिनं शेकडो परसांत पाहिलं होतं. मी पुस्तकात वाचलं होतं. आता मला खरं दुखलं. आधी वाटायचं, तिचं नशीब आणि बायकांचा अडाणीपणा. तिला खरंच माझ्यापेक्षा जास्त कळतं, हे कळल्यावर जळण्याला काही आडोसाच राहिला नाही.

"सगळीच घेऊन जावा डॉक्टर," भाभी म्हणाली. "तुमच्याकडं एक बी न्हाई ऱ्हायलेली. वैनीच्या आईचा वाण हाय."

तिचं हे मोठेपण तर मला अजिबात सोसवलं नाही. "अर्धेल म्हणजे अर्धेल," मी म्हणालो. नवातली चार घेतली. पाचवी ती देत होती, ती घेतली नाही. घरी आल्यावर सुमननं पाटी उघडली, आधी पिलांकडं पाहिलं, मग माझ्या पायांकडं. फोड आले होते. तिनं खोबरेल तेलाची वाटी आणून दिली. पंधरा दिवसांनी पहिल्यांदा मनापासून बोलली, "पाचवी का न्हाई आणली?"

आता त्या चार कोंबड्या आमच्याकडं राहतात, म्हणजे सकाळ-संध्याकाळ. ऊन चढलं की ओळीनं बोळातून चालत जातात आणि चिंचेखाली जाऊन बसतात. त्यांना कुणी शिकवलं नाही. ताडपत्री मी जाळून टाकली आहे, खुराड्याला आता नुसती जाळी आहे आणि वर हातभर पाचट. तरी दुपार झाली की जातात त्या जातातच.

तर यंदा ही दिवाळी अंकाची मंडळी आल्यावर मी लेख लिहिला. आठ पानं. मुद्देसूद. एका ठिकाणी अडलो, दुपारचं पाणी किती वेळा बदलायचं. पुस्तकात 'वारंवार' एवढंच आहे. म्हणून भाभीकडं गेलो.

"तीनदा," ती म्हणाली. "बारा, दोन आन् चार. लिवून झालं का समदं?"

"मी लिहितोय हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आवं, ती पोरं आदी माज्याकडंच आलती की. म्हनली भाभी, तुमी सांगा, आमी लिवून घेतो. मी म्हनलं, मला न्हाई बाबा जमायचं. डॉक्टर हायती, त्यास्नी इचारा. शिकल्यालं मानूस हाय. त्यास्नी बरं वाटंल."

मी घरी आलो. सुमनला विचारलं, "तुला ठाऊक होतं?" ती म्हणाली, "व्हय." "मग बोलली का नाहीस?" "तुमी लिवलं नसतं."

खरं होतं. ती आठ पानं काढून पुन्हा वाचली. पाचट होतं, कुंड्या होत्या, भिजवलेली माती होती, बारा, दोन आणि चार लिहायला जागा सोडलेली होती. जैनबभाभीचं नाव त्यात एकदाही नव्हतं. मेलेल्या चौदा कोंबड्याही नव्हत्या. ती पानं फाडली आणि हे लिहायला बसलो. सुमननं मघाशी वाचलं. "चौदांचं बी लिवलं?" तिनं विचारलं. लिहिलं म्हणालो. "मग द्या त्या पोरांस्नी," म्हणाली आणि गेली.

आता दोन वाजत आलेत. अंगण रिकामं आहे. कोंबड्या तिकडं आहेत, सुमन तिकडं आहे, गल्लीतल्या निम्म्या बायकाही तिकडंच असणार. मी कळशी भरून घेतली आहे, तिथल्या कुंड्यांतलं पाणी बदलायची वेळ झाली. जळायचंच आहे तर चिंचेखाली बसून जळेन. तिथं निदान सावली आहे.